वाटी आणि फ्रिज

आमच्या शहापुरातल्या घरी फ्रिज आला तो १९८३च्या उन्हाळ्यात. १६५ लिटरचा, एका दाराचा, हप्त्यांवर घेतलेला. स्वयंपाकघरात जागा नव्हती म्हणून तो माजघरात उभा राहिला. आल्यागेल्याला आधी दिसावा हा हेतू त्यात अजिबात नव्हता, असे काही म्हणवत नाही. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिले, दार उघडून आत हात घालून पाहिला आणि म्हणाल्या, "आता वाट्या भिंतीपलीकडं जायच्या बंद होतील बघ."

मी तेव्हा हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. त्यांचे बोलणे मी हसण्यावारी नेले.

वाट्यांची हकिगत अशी. आमच्या परसाची भिंत कमरेएवढी. पलीकडे कानडी कुटुंब, त्या घरच्या बाईंना आम्ही सगळे अक्का म्हणायचो. इकडून सासूबाई विचारायच्या, "ऊटा आयता?" तिकडून अक्का मराठीत सांगायच्या, "झालं की हो, तुमचं?" होळीला आमची कटाची आमटी पलीकडे जायची आणि त्यांचे होळिगे सारु इकडे यायचे. खरे तर पदार्थ एकच, पण दोन्ही घरांत दुसऱ्याचा जास्त चविष्ट ठरायचा. आमच्या वाट्यांवर नाव देवनागरीत कोरलेले, त्यांच्यांवर कानडीत. आणि आमच्या मांडणीवर कानडी अक्षरांच्या दोन-तीन वाट्या नेहमी असायच्याच. वाटी रिकामी परत करायची नाही, म्हणून ती कधी पुरती परत झालीच नाही.

फ्रिजचे शास्त्र मी वर्गात माठावरून सांगायची. माठातले पाणी पाझरून बाहेरच्या अंगावर येते, तिथे त्याची वाफ होते आणि जाताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. फ्रिजही हेच करतो. फक्त उडून गेलेले पुन्हा गोळा करतो. आतल्या नळ्यांत सहज उकळणारा द्रव कमी दाबाखाली उकळतो आणि कप्प्यातली उष्णता शोषून घेतो. त्याचा वायू कॉम्प्रेसर दाबतो, त्यामुळे तो तापतो, मागच्या जाळीत उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो आणि बारीक नळीतून आत परततो. मग मी विचारायची, "बंद खोलीत फ्रिजचे दार उघडे ठेवले तर खोली थंड होईल का?" अर्धा वर्ग "हो" म्हणायचा. खोली उलट तापते. फ्रिज थंडी तयार करतच नाही, आतली उष्णता बाहेर टाकतो, आणि मोटारीची उष्णता त्यात भर घालते. या बाहेर टाकण्याची गोष्ट पुढे फार लांबवर गेली. त्या काळच्या फ्रिजमधला वायू ओझोनच्या थराला मारक ठरतो, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ सालीच मांडले होते. १९८७च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू हद्दपार झाला. आमच्या आमटीची काळजी आभाळाला पडत होती, हे मला तोवर माहीत नव्हते.

दुसरी गोष्ट मी मुलांना बजावून सांगायची. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. उन्हाळ्यात उघड्यावर जे अन्न चार-सहा तासांत नासेल, ते चार अंशांवर दोन-तीन दिवस टिकते. म्हणजे फ्रिज आपल्याला मुदतवाढ देतो. या मुदतीचे मी काय केले, ते आता सांगते.

पहिली काही वर्षे मला नुसते सुख होते. रात्री भाजी चिरून ठेवावी, कणीक मळून ठेवावी, साडेदहाची शाळा गाठावी. त्याआधी उरलेले खाणे ही सासूबाईंची कामगिरी असे, आणि त्यांच्यानंतर ती माझ्याकडे येणार हे ठरलेलेच होते. त्यातून फ्रिजने मला सोडवले. त्याबद्दल त्याला नावे ठेवणार नाही.

पण भाजी उरली की "राहू दे, उद्या बघू" असे म्हणायची सवय लागली. उद्याही ती कोणी खात नसे. तिसऱ्या दिवशी डबा निघे, मी वास घेऊन पाही आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईंना देई. एकदा त्यांनी डबा हातात घेतला आणि अगदी साधेपणाने विचारले, "बाई, ह्यातलं तुम्ही आज खाणार काय?"

"चांगलं आहे की हो," मी म्हणाले. "फ्रिजमध्येच होतं."

त्या काही बोलल्या नाहीत. डबा नेला. दुसऱ्या दिवशी घासून, पालथा घालून ठेवलेला मिळाला. माझे उत्तर शास्त्राला धरून होते; भाजी खरोखरच बिघडलेली नव्हती. पण त्यांचा प्रश्न जंतूंबद्दल नव्हता.

तेव्हापासून एक विचार माझी पाठ सोडत नाही. आमटी रात्रीपर्यंत आंबणार म्हणून आम्ही ती वाटत होतो का? तसे असेल तर आमचा शेजारधर्म हवामानाची कृपा होती, आणि फ्रिजने तो बुडवला असे म्हणण्यात अर्थ नाही. पूर्वीचे सगळे सोज्वळ होते असेही नाही. शिळे तेव्हाही गडीमाणसांनाच जात होते, कानडीतले तंगळही त्याच वाटेने जात होते. आणि वाटी कोणत्या भिंतीवरून जायची व कोणत्या नाही, हे जात ठरवत होती. याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

मात्र एक गोष्ट या हिशेबात बसत नाही. सासूबाई अक्कांची वाटी आमची पाने वाढण्याआधी भरत. पातेल्यातला पहिला डाव त्यात पडे. ती आमटी नासणार नव्हती, उरलेलीही नव्हती. तिला द्यायची सक्ती कोणाचीच नव्हती. मी बाईंना दिलेले मात्र नेहमी शेवटचे होते.

फ्रिजच्या बाजूने आणखी एक साक्ष आहे. पुढे अक्कांना मधुमेह निघाला, इन्सुलिन सुरू झाले. ते दोन ते आठ अंशांत ठेवायचे, आणि त्यांच्याकडे फ्रिज नव्हता. आमच्या दारातल्या कप्प्यात, लिंबाच्या लोणच्याशेजारी, त्यांच्या कुप्या राहू लागल्या. फोडलेली कुपी काही आठवडे बाहेर चालते, असे मी समजावले. अक्कांचा त्यावर विश्वास नव्हता. त्या सकाळ-संध्याकाळ यायच्या, माजघरात बसायच्या, दोन भाषांत बोलणे व्हायचे. वाट्यांचे जाणे-येणे थांबले होते, पण ज्या पेटीने ते थांबवले तिच्यापाशीच आम्ही रोज दोनदा भेटत होतो. मग त्यांच्या मुलाने फ्रिज घेतला. मला आनंद झाला, आणि संध्याकाळी चुकल्यासारखेही झाले.

आता अक्का नाहीत. यंदा गौरीच्या दिवसांत त्यांची सून भिंतीवरून कडबू देऊन गेली, जुन्या कानडी अक्षरांच्या वाटीतून. दुसऱ्या दिवशी वाटी धुऊन पुसली आणि तीत घालायला काही मिळते का म्हणून मी फ्रिज उघडला. डबे चार होते. एक परवाचा, एक कालचा, दोन कधीचे ते आठवेना. हल्लीच्या फ्रिजला दार जास्त वेळ उघडे राहिले की ओरडायची सवय असते. तो ओरडू लागला. सून आतून म्हणाली, "आई, दार लावा ना."

दार लावले. रव्याचा डबा काढला आणि गॅस पेटवला.