न दिसण्याचा पुरावा

1807 मध्ये जर्मन खगोलज्ञ ओल्बर्सला वेस्टा सापडला आणि मंगळ-गुरूंच्या दरम्यानचे ज्ञात लघुग्रह चार झाले. पुढे 38 वर्षे पाचवा कोणालाच मिळाला नाही. जे दिसत नाही ते नाहीच, असे म्हणण्याचा अधिकार माणसाला केव्हा मिळतो? आपल्याकडे हा प्रश्न मीमांसकांनी, म्हणजे मीमांसा-दर्शनाच्या विचारवंतांनी, फार बारकाईने हाताळला आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेने ‘अनुपलब्धी’ म्हणजे न आढळणे हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन, म्हणजे प्रमाण, मानले, पण तिला योग्यतेची अट घातली. घडा असता तर या उजेडात तो दिसलाच असता, असे म्हणता येत असेल तरच तो न दिसल्यावरून त्याचा अभाव कळतो. अंधारात हे चालत नाही. मुळातच अदृश्य मानलेल्या पिशाचाच्या बाबतीत तर उजेडातही नाही.

चारवर थांबलेल्यांचे ‘नाही’ या कसोटीला उतरत नव्हते. नवव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, मंद ठिपका हजारो ताऱ्यांत मिसळलेला. तो वेगळा ओळखू येईल इतके तपशीलवार नकाशे हाताशी नसतील, तर न दिसण्याला अर्थ काय? ही योग्यता प्रशियातील ड्रीझेन गावचा पोस्टमास्तर कार्ल लुडविग हेन्के याने कष्टाने कमावली. कोणत्याही वेधशाळेच्या नोकरीत नसताना तो सुमारे 15 वर्षे नकाशाशी आकाश ताडून पाहत राहिला. 8 डिसेंबर 1845 च्या रात्री वृषभ राशीत त्याला एक अनोळखी ठिपका दिसला. तो नवा, हे त्याला कळले कशावरून? त्या जागी आधी काही नव्हते, हे त्याला पक्के ठाऊक होते म्हणून. अ‍ॅस्ट्रिया हा पाचवा लघुग्रह अभावाच्या ज्ञानातून सापडला, आणि हेन्केच्या कामातला हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. याला योगायोग म्हणावे, तर 1 जुलै 1847 रोजी हीबी हा सहावा लघुग्रहही त्यालाच सापडला. आज ज्ञात लघुग्रह दहा लाखांच्या पुढे आहेत.

न्यायदर्शनाचे नैयायिक म्हणतील, अभावही इंद्रियांनीच कळतो, वेगळे प्रमाण कशाला? असो, योग्यतेची अट त्यांनाही मान्यच आहे. खरा आक्षेप दुसरा. ‘तुमची नजर अजून तयार नाही’ असे म्हणून कोणीही कशाचेही अस्तित्व कायमचे वाचवू शकेल, मग तो ईश्वर असो की भूत. हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही, तो मानूनच पुढे जावे लागते. हेन्केचा दावा फसू शकत होता: तो ठिपका ताऱ्यांमधून सरकला नसता, बर्लिनच्या वेधशाळेत तो पुन्हा दिसला नसता, तर सगळे तिथेच संपले असते. श्रद्धावानानेही कोणत्या अवस्थेत काय अनुभवास यायला हवे, आणि ते न आल्यास आपण माघार घेऊ, हे आधी सांगावे. न सांगितल्यास श्रद्धा उणी ठरत नाही, पण तिला प्रमाण म्हणता येणार नाही. नास्तिकाचीही यातून सुटका नाही: ईश्वर असता तर नेमके काय दिसले असते, हे त्यालाही निकाल देण्याआधी सांगावे लागेल.