धून कोणाची?

कॅनडात शनिवारी रात्री हॉकीच्या प्रक्षेपणाआधी वाजणारी धून डोलोरेस क्लेमन यांनी १९६८ साली रचली. लोक तिला दुसरे राष्ट्रगीत म्हणत. २००८ मध्ये सीबीसी या सार्वजनिक प्रसारणसंस्थेशी असलेला करार संपला, आणि सीटीव्हीने तिचे हक्क विकत घेतले. कर्तीचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. श्रमाचा मोबदला मागण्यात लोभ कसला? परंतु चाळीस वर्षांच्या ऐकण्याने त्या धुनेत जे साठले, ते कोणत्या करारात लिहिले होते? कुळकायद्याने कसणाऱ्यास जमीन मिळाली. ऐकणाऱ्याने मात्र काही कसलेले नसते, हेही खरेच. शिवाय धून नष्ट झाली नव्हती, दुसऱ्या वाहिनीवर ती वाजतच राहिली. मोडला तो शनिवारचा नेम. आणि बदल्यांमागून बदल्या भोगणाऱ्या आम्हांस तो नेमच धुनेहून मोलाचा वाटतो. त्यावर हक्क सांगण्यास कोणते न्यायालय गाठावे?