ढोबळ नफा आणि कारणविचार

विक्रीच्या रकमेतून विकलेल्या मालाचा प्रत्यक्ष खर्च वजा केल्यावर जे उरते त्यास ढोबळ नफा म्हणतात, आणि विक्रीशी असलेल्या त्याच्या शेकडा प्रमाणावरून धंद्याचा कस जोखण्याचा प्रघात आहे. जून २०२५ अखेर संपलेल्या आर्थिक वर्षात मायक्रोसॉफ्टच्या सुमारे २८१.७ अब्ज डॉलरच्या महसुलावर ८७.८ अब्ज डॉलरचा प्रत्यक्ष खर्च पडला, म्हणजे ढोबळ नफा १९३.९ अब्ज डॉलर, सुमारे ६९ टक्के, झाला. ही केवळ वजाबाकी वाटते खरी. परंतु अमुक खर्च प्रत्यक्ष आणि तमुक नव्हे असे ठरवणे म्हणजे कार्याचे कारण कोणते हे ठरवणे होय, आणि तो प्रश्न हिशेबनिसाच्या आधी तत्त्वज्ञाचा आहे.

न्यायदर्शनाच्या मते कार्यापूर्वी नियमाने असणारे आणि अन्यथासिद्ध नसलेले ते कारण. अन्यथासिद्ध म्हणजे कार्याच्या आधी हजर असूनही ज्याला कारण मानल्यावाचून कार्याची उपपत्ती लागते असे. विश्वनाथ न्यायपंचाननांच्या नावावर असलेल्या ‘कारिकावली’त याची जी उदाहरणे येतात त्यांत माती वाहणारे गाढव आहे आणि कुंभाराचा बापही आहे: बाप नसता तर कुंभार नसता, तरी बाप हा कुंभाराचे कारण ठरतो, घटाचे नव्हे. (बाप आणि गाढव यांना एकाच पंगतीत बसवण्याचा निर्विकारपणा नैयायिकांनाच साधावा.)

नफा-तोटा पत्रकात प्रोग्रामरची गत या बापासारखी होते. ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मदत केंद्राचा आणि डेटा सेंटर चालवण्याचा खर्च प्रत्यक्ष खर्चात धरला जातो. ज्याने प्रणाली लिहिली त्याचे वेतन मात्र संशोधन व विकास या सदरात, ढोबळ नफ्याच्या रेषेखाली, मायक्रोसॉफ्टच्या त्याच वर्षीच्या ३२.५ अब्ज डॉलरच्या आकड्यात मिसळते. यामागचा युक्तिवाद असा, की एकदा लिहिलेल्या प्रणालीची आणखी एक प्रत काढताना कोणालाही पुन्हा काही लिहावे लागत नाही. अमेरिकेच्या वित्तीय लेखा मानक मंडळाने १९८५ मध्ये केलेल्या नियमाने यात एक दार ठेवले: विकाऊ सॉफ्टवेअर तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्याचे सिद्ध होईपर्यंतचा खर्च विकासाचा मानून लगेच खर्ची टाकायचा, त्यानंतरचा भांडवली धरून पुढे क्रमाक्रमाने प्रत्यक्ष खर्चात उतरवायचा. मायक्रोसॉफ्टच्या मते हा क्षण उत्पादन बाजारात येण्याच्या थोडाच आधी येतो, त्यामुळे त्या दारातून फारसे काही आत शिरत नाही. कारण आणि अकारण यांमधली सीमा अशी एका तारखेवर उभी राहते, हे नैयायिकाला मुळीच रुचले नसते.

प्रत विकली जात होती तोवर हे वर्गीकरण तर्काला धरून होते. २०११ मध्ये आलेल्या ऑफिस ३६५ सारख्या वर्गणीच्या सेवांत मात्र ग्राहक तयार वस्तू विकत घेत नाही, तर महिनोन्महिने चालू राहणारी, सतत दुरुस्त होणारी सेवा घेतो. तेथे दुरुस्ती कोठे संपते आणि विकास कोठे सुरू होतो हे सांगणे कठीण. याच जागी ‘कारिकावली’वरील ‘सिद्धान्तमुक्तावली’ या टीकेतील एक बारकावा उपयोगी पडतो: बाप म्हणून तो अन्यथासिद्ध असला, तरी कुंभार म्हणून त्याला कारण मानण्यास हरकत नाही. मूळ प्रणालीचा जनक आणि चालू महिन्याच्या सेवेचा कर्ता या एकाच माणसाच्या दोन भूमिका ठरतात, आणि हिशेबाची वही त्यांतली पहिलीच ओळखते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवांनी दुसऱ्या बाजूनेही ही चौकट हलवली आहे, कारण तेथे प्रत्येक प्रश्नामागे यंत्र आणि वीज खर्ची पडते. क्लाउड व्यवसायातील ढोबळ नफ्याचे प्रमाण घटण्याचे कारण म्हणून मायक्रोसॉफ्टने याच यंत्रणेच्या विस्ताराकडे बोट दाखवले आहे. विकासाचा सगळा ३२.५ अब्ज डॉलरचा खर्च रेषेच्या वर नेला, तर ६९ टक्के सुमारे ५७ वर येतील, आणि निव्वळ नफ्यात मात्र एका डॉलरचाही फरक पडणार नाही.