जुनं ऑपरेशन

एका लहान गावात शिवणकाम करणाऱ्या एक आजी होत्या. एके दिवशी दोरा ओवताना त्यांना एकाच्या दोन सुया दिसू लागल्या. एक डोळा झाकला की सुई एकच दिसे. डोकंही सारखं ठणकत होतं.

चष्मा बदलला, फरक पडला नाही. मुलाने त्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डावा डोळा बाहेरच्या बाजूला वळत नव्हता. एमआरआयमध्ये कवटीच्या तळाशी, डोळा बाहेर वळवणाऱ्या नसेजवळ, मेंदूच्या आवरणाला चिकटलेली गाठ दिसली. मेनिंजिओमा असावा, असं रिपोर्टमध्ये लिहिलं होतं. ही गाठ बहुधा साधी असते, हळू वाढते, असं कळल्यावर मुलाचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी एक तरुण डॉक्टरीणबाई आजींच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या.

"आजी, आधी कधी ऑपरेशन झालं होतं?"

आजींनी मुलाला चहा आणायला पाठवलं. मग हळूच म्हणाल्या, "15 वर्षं झाली. छातीत गाठ होती, कॅन्सरची. पोरं शिकत होती, त्यांना पिशवीचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. 5 वर्षं गोळ्या घेतल्या. मग मिटलं की ते सगळं."

डॉक्टरीणबाईंनी वरिष्ठांसोबत चित्रं पुन्हा पाहिली. गाठीजवळचं हाड पोखरलं होतं. नाकातून दुर्बीण घालून गाठीचा तुकडा काढला. तपासणीत त्या जुन्या कॅन्सरच्याच पेशी निघाल्या.

स्तनाचा कॅन्सर अशी कितीतरी वर्षं गप्प राहून हाडात डोकं वर काढू शकतो, आणि कवटीच्या तळाशी आला की हुबेहूब मेनिंजिओमासारखा दिसू शकतो. यंत्राने गाठीचं रूप दाखवलं. तिचं मूळ मात्र आजींनाच ठाऊक होतं. कुणीतरी जवळ बसून विचारावं लागलं, आणि त्यांनाही सांगण्याचा धीर व्हावा लागला.

मुलाला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आई, इतकी वर्षं एकटीनेच गं?"

किरणोपचार झाले, गोळ्या सुरू झाल्या. आजार पुरता गेला नाही. पण ठणका थांबला, डोळाही बराचसा वळू लागला. पुढच्या तपासणीला आजींनी मुलाला बाहेर पाठवलं नाही.