मेंढपाळाने पळावे काय?

चांगला ख्रिस्ती पुढारी कोण, असे विचारले की आपण गुणांची यादी पुढे ठेवतो. तो प्रार्थनाशील असावा, नम्र असावा, सेवाभावी असावा. यादी चुकीची नाही. पण ती कोणालाही लागू पडते आणि म्हणूनच कोणाला अडचणीत टाकत नाही. ख्रिस्तसभेच्या इतिहासात हा प्रश्न एकदा फार रोखठोक रीतीने विचारला गेला. विचारणारे होते उत्तर आफ्रिकेतील बिशप होनोरातुस आणि उत्तर देणारे हिप्पोचे बिशप संत आगस्तिन.

इ. स. ४२९ मध्ये व्हँडल टोळ्या स्पेनमधून समुद्र ओलांडून आफ्रिकेत उतरल्या. शत्रू वेशीवर आला असता धर्मगुरूंनी पळावे की राहावे, असे होनोरातुस विचारतात. आगस्तिन यांनी दुसऱ्या एका बिशपांना लिहिलेल्या पत्राची प्रत त्यांना धाडली होती. तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. त्यांच्या बाजूला शास्त्राचा आधार होता. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असे खुद्द प्रभूने शिष्यांना सांगितले आहे. संत पौल दिमिष्कातून निसटले ते पाटीत बसून, गावकुसावरून. शिवाय मागे राहून साधायचे काय? लोकांची कत्तल आणि जळणारी देवळे डोळ्यांनी पाहायची, आणि जवळ नसलेल्या धनासाठी स्वतःचे हाल करून घ्यायचे, इतकेच ना? हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नाही. मात्र दुसऱ्या बाजूला योहानकृत शुभवर्तमानातील मोलकरी उभा आहे; लांडगा दिसताच मेंढरे टाकून पळणारा.

आगस्तिन दोन्ही वचने खरी धरतात आणि एकच प्रश्न विचारतात: शत्रू कोणाच्या मागावर आहे? तो एकट्या पौलाच्या किंवा एकट्या अथानासियसच्या मागावर असेल आणि लोकांना संस्कार देणारे इतर मागे असतील, तर खुशाल पळावे. लोकच गाव सोडून गेले असतील, तर ओस गावात थांबून काय करायचे? पण संकट सर्वांवर सारखेच असेल आणि लोकांना जायला वाट नसेल, तर ज्यांची त्यांना गरज आहे त्यांनी जागा सोडता कामा नये. अशा वेळी लोक देवळाकडे धावतात. कोणी स्नानसंस्कार मागतो, कोणी पापक्षमा मागतो, धीर तर सर्वांनाच हवा असतो. देवळात कोणी नसेल तर त्यांनी जायचे कोठे?

यापुढचा भाग मला या पत्रातील सर्वांत मोलाचा वाटतो. समजा, धर्मगुरू अनेक आहेत. सर्वच मेले तरी ख्रिस्तसभेची हानी आणि सर्वच पळाले तरी हानी. मग राहावे कोणी? आपण म्हणू, जो अधिक विद्वान, अधिक उपयोगी, त्याला वाचवावे. आगस्तिन म्हणतात, चिठ्ठ्या टाका. मी अधिक उपयोगी म्हणून मी जगले पाहिजे, असे जो स्वतःच म्हणतो, तो स्वतःवरच फार खूश आहे, असा त्यांचा शेरा आहे. एवढा मोठा पंडित आपल्या पांडित्याला वजनच देत नाही! (मत्थियाची निवडही चिठ्ठ्या टाकूनच झाली होती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.)

‘माझ्यावाचून कसे चालेल?’ हे वाक्य मोठे लवचीक आहे. संकटात ते पळून जाण्याचे कारण होते आणि सुबत्तेत खुर्ची न सोडण्याचे. पतपेढीच्या अध्यक्षापासून धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूपर्यंत आपण सर्वजण ते वापरतो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये, वयोमानाने शक्ती उरली नाही म्हणून, पद सोडले. सुमारे सहाशे वर्षांत असे घडले नव्हते. तेही पळणे होते काय, असे तेव्हा मला काहींनी विचारले. आगस्तिन यांची कसोटी लावली तर उत्तर सोपे आहे: कळप उघड्यावर पडला नव्हता.

२०२० च्या साथीत हा प्रश्न आपल्या दाराशी आला. उत्तर इटलीतील बेर्गामो धर्मप्रांताचे वीसहून अधिक धर्मगुरू त्या वसंतात मरण पावले. आपल्याकडेही रुग्णाभ्यंगाचा संस्कार द्यायला कोणी जावे, मूठमाती द्यायला कोणी उभे राहावे, हे ठरवावे लागले. इथे एक गुंता होता, जो हिप्पोत नव्हता. जाणारा धर्मगुरू स्वतःच रोग घेऊन दुसऱ्या घरी जाऊ शकत होता. तेव्हा प्रत्येक धाडस प्रेमाचे होते असे मी म्हणणार नाही. वृद्धाने घरी राहावे आणि तरुणाने जावे, यात भित्रेपणा नव्हता. कोणीतरी जायला मात्र हवे होते, निदान दूरध्वनीवर तरी पलीकडून आवाज यायला हवा होता. ज्या घरी तोही आला नाही, ती घरे ते अद्याप विसरलेली नाहीत.

४३० साली व्हँडलांनी हिप्पोला वेढा घातला. आश्रयाला आलेले अनेक बिशप तेव्हा शहरात होते. आगस्तिन यांचे चरित्रकार पोसिदिउस त्यांपैकीच एक. शेवटच्या आजारापर्यंत आगस्तिन देवळात प्रवचन देत राहिले. तिसऱ्या महिन्यात ज्वराने अंथरूण धरल्यावर त्यांनी पश्चात्तापाची स्तोत्रे लिहून घेतली, समोरच्या भिंतीवर लावली आणि ती वाचत, रडत ते पडून राहिले. २८ ऑगस्ट रोजी ते वारले. वेढा उठला नव्हता. होनोरातुसांना लिहिलेले ते पत्र पोसिदिउस यांनी चरित्रात जसेच्या तसे उतरवून ठेवले आहे.