खापर कोणाच्या डोक्यावर?

भागीदारीच्या धंद्यात नफ्याची बोलणी नंतर होतात. बुडालो तर कोणाचं बुडणार, हे आधी ठरतं. युनियन आणि मालक यांच्या भागीदारीची चर्चा करताना मात्र आपण हे विसरतो आणि सलोखा, विश्वास असे शब्द घोळवत बसतो.

लंडनच्या ज्युबिली मेट्रोमार्गाचा विस्तार घ्या. अंदाज सुमारे २१० कोटी पौंडांचा, खर्च गेला ३५० कोटींच्या घरात. त्यात १९९९ संपायच्या आत गाडी धावलीच पाहिजे, असा धोशा. १९९८ मध्ये वायरमन मंडळींनी सुरक्षिततेच्या मुद्द्यावरून काम थांबवलं. त्यांना आडमुठे म्हणणं सोपं आहे. पण बांधकामाचा नेहमीचा ठेका कसा असतो? मालक जोखीम मुख्य ठेकेदारावर ढकलतो, तो पोटठेकेदारावर, तो आणखी खाली. शेवटी हातात पक्कड घेतलेला माणूस उरतो आणि त्याच्याखाली ढकलायला कोणीच नसतं. खापर फुटतं ते त्याच्या डोक्यावर. मग तो हात थांबवतो. दुसरं करणार काय?

जोखीम अशी खाली ढकलून भागत नाही, हे हीथ्रो विमानतळाची तेव्हाची मालक कंपनी बीएए एका अपघातातून शिकली. ऑक्टोबर १९९४ मध्ये हीथ्रोवर रेल्वेचा बोगदा खचला. जीवितहानी झाली नाही, हे नशीबच. दुरुस्ती करताना चूक कोणाची हा वाद बाजूला ठेवून मालक आणि ठेकेदार एकाच पथकासारखे राबले. पाचव्या टर्मिनलच्या करारात तेच कलम होऊन आलं: जोखीम बीएएची. ठेकेदाराला प्रत्यक्ष खर्च आणि ठरलेला नफा मिळणार, बचत झाली तर तिच्यातही वाटा.

खरी गंमत इथेच आहे. मजुरी कापून तोटा भरून काढायची ठेकेदाराला गरजच उरली नाही. म्हणून थेट नोकरीवरचे कामगार, युनियनशी आधीच ठरवलेले दर, तक्रार कोणाकडे न्यायची याच्या पायऱ्या, हे सगळं त्याला परवडलं. युनियनवाले काही रातोरात मवाळ झाले नव्हते. पगारावरून कुरबुरी झाल्याच. पण त्या बोलण्याच्या टेबलापर्यंत पोचत होत्या आणि टेबलापलीकडच्या माणसाला ऐकून घेण्यात तोटा नव्हता.

२००२ मध्ये बांधायला घेतलेलं, ४३० कोटी पौंडांचं हे टर्मिनल २७ मार्च २००८ रोजी ठरल्या दिवशी उघडलं. बांधकामात दोन कामगारांचा जीव गेला होता. ती जोखीम करारात बीएएच्या नावावर चढली नव्हती.