कोणाच्या दुर्बळतेला सवलत?

वर्णभेद मोडायचा तर माणसांनी आपापल्या गावात, आपापल्या मंडळीत समोरासमोर बसून बोलले पाहिजे, असे म्हणतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे; कारण वर्णभेदाचा एक मोठा पायाही अशाच समंजस बोलण्यातून घातला गेला. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या केप धर्मसभेने १८२९ साली ठरवले होते की प्रभुभोजन रंग किंवा कूळ न पाहता सर्वांना एकत्रच द्यावे. १८५७ साली त्याच सभेने हे तत्त्व शास्त्राला धरून असल्याचे पुन्हा मान्य केले आणि लगेच पळवाटही काढली: काहींच्या दुर्बळतेमुळे कामात अडथळा येत असेल, तर ख्रिस्ती झालेल्या काळ्यांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हावी. दुर्बळांना सांभाळून घ्या ही बायबलमधल्या प्रेषित पौलाची शिकवण. पण पौल करिंथकरांना सांगतो ते असे की, ज्याची श्रद्धा बळकट आहे त्याने दुसऱ्याच्या नाजूक विवेकासाठी स्वतःचा हक्क सोडावा. इथे जमीन, सत्ता आणि व्यासपीठ ज्यांच्या हाती होते तेच दुर्बळ ठरले, आणि त्यांच्या दुर्बळतेची किंमत भरली दुसऱ्यांनी. म्हणून अशा कोणत्याही संवादाला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: सांभाळून कोणाला घेतले जात आहे, आणि कोणाच्या खर्चाने?

कोणी म्हणेल, वर्णभेद कायद्याने आला आणि कायद्यानेच गेला. मंडळीतल्या चर्चेला इतके महत्त्व कशाला? पण क्रम पाहावा. मिश्रवर्णीयांसाठी वेगळे मिशन चर्च १८८१ सालीच स्थापन झाले. वर्णभेदाचे धोरण घेऊन नॅशनल पार्टी सत्तेवर आली ती १९४८ मध्ये, आणि तिचे पंतप्रधान मलान हे याच चर्चचे माजी पाळक. राज्याने जे सक्तीने केले ते उपासनेत आधीच रुळलेले होते. कायदे गेल्यावरही ते आपोआप सुटले नाही. १९९४ मध्ये मिश्रवर्णीयांचे आणि काळ्यांचे चर्च एकत्र आले. मूळ गोरे चर्च मात्र वाटाघाटी करत अजून वेगळेच आहे.

तरीही नुसत्या बैठकीवर विसंबता येत नाही. शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी ६९ माणसे मारली त्या वर्षी, १९६० च्या डिसेंबरात, जोहान्सबर्गमधल्या कॉटेस्लो इथे चर्चांचे काळे-गोरे प्रतिनिधी एकत्र बसले. रंगावरून कोणालाही कोणत्याही चर्चबाहेर ठेवता येणार नाही, असे त्यांनी म्हटले. पंतप्रधान फरवूर्ट नाराज झाले आणि डच रिफॉर्म्ड धर्मसभांनी आपल्याच प्रतिनिधींचे म्हणणे झिडकारले. त्या प्रतिनिधींपैकी गोरे पाळक बायर्स नॉडे मात्र त्या म्हणण्यावर ठाम राहिले आणि १९६३ मध्ये त्यांना पाळकपद सोडावे लागले. एकत्र बसल्याने मूळ हलत नाही, हे आपल्याकडे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये, लाहोरला होऊ न शकलेल्या भाषणात मांडले होते: सहभोजनांनी जात गेली नाही, कारण तिला शास्त्रांचे पावित्र्य लाभले आहे. मिशन चर्चच्या लोकांनी १९८२ मध्ये बेल्हारचा विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची जाहीर घोषणा, लिहिला तेव्हा नेमका त्या पावित्र्यावर घाव घातला. वागणूक जरा सौम्य करा, अशी विनंती त्यात नव्हती; वर्णभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड आहे, असे त्यांच्या धर्मसभेने त्याच वर्षी जाहीर केले.

इतक्या कठोर शब्दाने माणसे दुरावतात, हा आक्षेप हलका नाही. पण १८५७ चा मवाळपणा गोऱ्यांना जवळ ठेवण्यासाठीच होता, आणि त्याने दुरावलेले लोक मोजणीत धरले जात नाहीत. शिवाय पाखंड हा शब्द उच्चारला गेल्यावर आठ वर्षांनी, १९९० मध्ये, रुस्टेनबर्गच्या परिषदेत विली योंकर या गोऱ्या धर्मशास्त्रज्ञाने आपल्या आणि आपल्या चर्चच्या अपराधाची जाहीर कबुली दिली, आणि काळे आर्चबिशप डेस्मंड टुटूंनी ती स्वीकारली. कठोर शब्दाने दार बंद झाले नव्हते. मात्र कबुलीनंतरचे काम राहिलेच. वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आयोगाने श्रीमंतांवर कर लावण्याचा मार्ग सुचवला, तो नाकारला गेला. पीडितांना सरकारने एकरकमी ३०,००० रँड दिले. आजच्या गोऱ्या सभासदाने १८५७ चा ठराव केलेला नाही, हे खरे. पण त्या ठरावामुळे वेगळ्या झालेल्या इमारती, जमिनी आणि निधी आज त्याच्याच मंडळीच्या नावावर आहेत, आणि त्यांचे काय करायचे हे ठरवणारे मतही त्याच्याच हाती आहे.